मागचे बोके: धूसर बॅकग्राउंड कधी शोभतं, कधी खुपतं

भाच्याच्या मुंजीत मी पहिल्यांदा ५० मिलिमीटरची, एफ १.८ ची लेन्स लावून गेलो. पुण्यात कर्वेनगरातलं कार्यालय, मातृभोजन चाललेलं. बटू ताईशेजारी पाटावर, गाल जिलबीने फुगलेला. मी समोर मांडी घालून बसलो, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत घेणारं छिद्र) सताड उघडलं आणि क्लिक केलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो बघून स्वतःवरच खूष झालो. डोळे लख्ख, मागचं सगळं विरघळलेलं. आठवड्याने आत्याला दाखवायला नेला. तिने पदराने चष्मा पुसला, फोटो जवळ धरला आणि म्हणाली, "छान आलाय रे. पण पोराच्या डोक्यामागे हे साबणाचे फुगे कुणी सोडले?"

मागच्या पडद्यावर एलईडीची माळ होती. प्रत्येक दिव्याची एक चकती झाली होती, प्रत्येक चकतीला चकचकीत कड होती, आणि त्यातल्या दोन नेमक्या बटूच्या कानांना डूल घातल्यासारख्या लटकत होत्या. मला त्या दिसल्याच नव्हत्या, कारण मी फक्त चेहऱ्याकडे बघत होतो. धूसर केलं की मागचं नाहीसं होतं, अशी माझी समजूत होती. नवीन लेन्स घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची असते. मागचं कुठेही जात नाही, फक्त त्याचा आकार बदलतो. तो बदललेला आकार आधीच ओळखता यावा, यासाठी पुढचा खटाटोप.

एक शब्द आधी सांगून टाकतो. धूसरपणाला जपानीत 'बोके' म्हणतात. १९९७ साली 'फोटो टेक्निक्स' या अमेरिकी मासिकात या विषयावर लेख आले, तेव्हा इंग्रजी वाचकांनी उच्चार चुकवू नये म्हणून संपादक माईक जॉन्स्टन यांनी शब्दाच्या शेपटाला एक एच जोडला. आपल्याला उच्चाराची अडचण नाही. अडचण एवढीच की आपले बोके पत्र्यावरून उड्या मारतात. फोटोवाल्यांच्या तोंडी बोके म्हणजे धूसरपणा 'किती' हे नव्हे, 'कसा' हे. भरपूर धूसर पण डोळ्यांना बोचणारं बॅकग्राउंड असू शकतं, आणि थोडंसंच धूसर पण निवांत असू शकतं.

कॅमेरा काढायच्या आधी चष्मा काढा

माझा नंबर उणे साडेतीन आहे. पहिली काही वर्षं हे मला दुर्दैव वाटायचं. मग एका संध्याकाळी झेड ब्रिजवर चष्मा पुसायला काढला आणि समोर बघतच राहिलो. दुचाक्यांचे दिवे, नदीपलीकडच्या खिडक्या, सिग्नल, सगळ्याच्या गोल चकत्या झाल्या होत्या. कुठल्या चकत्या एकमेकींत मिसळून मऊ दिसतायत, कुठली एकटीच ट्यूब डोळ्यात घुसतेय, हे कॅमेऱ्याशिवाय कळत होतं.

तुम्हाला दूरचा नंबर असेल तर हीच युक्ती वापरा. माणसाला उभं करायच्या आधी चष्मा काढून मागे बघा. नंबर नसेल तर आई-बाबांचा वाचायचा चष्मा मागून घ्या आणि तो लावून लांब बघा, तेच दिसेल. आता स्वतःला एकच प्रश्न विचारा: माझी नजर आधी कुठे जाते? जिथे जाते तिथे फोटो बघणाऱ्याचीही जाणार. ती जागा माणसाच्या डोक्यापासून दूर असेल किंवा चौकटीबाहेर काढता येत असेल तर ठीक. नाही तर दोन पावलं बाजूला सरका. दोन पावलांत मागचा दिव्याचा खांब डोक्यातून निघून खांद्यापलीकडे जातो, त्याला पैसे पडत नाहीत.

दहाच्या नाण्याचा हिशेब

लेन्सच्या मिलिमीटरला अ‍ॅपर्चरच्या आकड्याने भागा. हा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं. ५० भागिले १.८ म्हणजे साधारण २८. खूप लांबच्या दिव्याची चकती फोटोत केवढी दिसेल, तर माणसाच्या चेहऱ्याशेजारी २८ मिलिमीटरची वस्तू धरल्यावर ती जेवढी दिसेल तेवढी. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं आहे. म्हणजे गालाशी दहाचं नाणं धरा, तेवढी चकती. हा हिशेब मला कळला त्या दिवसापासून लेन्सच्या जाहिराती वाचणं मी जवळजवळ सोडलं.

कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ ची किट लेन्स ५५ वर ओढली की ५.६ पर्यंतच उघडते: ५५ भागिले ५.६, जवळपास १०. शर्टाचं बटण. ८५ ची १.४ लेन्स असेल तर ६१, म्हणजे बांगडी. मोबाईलच्या मुख्य कॅमेऱ्यात भिंगाची खरी लांबी ७ मिलिमीटरच्या आसपास असते आणि अ‍ॅपर्चर १.८ च्या जवळ. उत्तर येतं चार मिलिमीटर. ज्वारीचा दाणा. मोबाईल स्वतःच्या भिंगाने माणसामागचं फारसं धूसर का करत नाही, हे त्या दाण्यात आलं.

आणि गंमत पुढे आहे. ५५-२५० ची साधी झूम, जी लोक 'स्लो', म्हणजे कमी उघडणारी, म्हणून कपाटात टाकतात, ती २५० वर ५.६ ला ४५ मिलिमीटर देते. नाण्यापेक्षा कितीतरी मोठी. मागचं दृश्य लांब असेल तर ही कपाटातली लेन्स तुमच्या नव्या ५० ला मागे टाकते.

मागचं जवळ असेल तर मात्र नाही, कारण पूर्ण नाणं फक्त लांबच्या दिव्याला मिळतं. जवळच्याला त्याचा हिस्सा मिळतो. किती? कॅमेऱ्यापासून मागच्या दिव्यापर्यंतचं सगळं अंतर घ्या आणि त्यातलं माणसाच्या पाठीमागचं किती ते बघा. माणूस २ मीटरवर, भिंत त्याच्यामागे १ मीटर: एकूण तीनातला एक, म्हणजे नाण्याचा तिसरा हिस्सा, ९ मिलिमीटर. त्याच माणसाला भिंतीपासून ६ मीटर पुढे आणा: आठातले सहा, म्हणजे पाऊण नाणं, २१ मिलिमीटर. लेन्स तीच, आकडा तोच. फक्त "जरा पुढे ये" म्हणावं लागलं.

मुंजीत काय झालं ते आता कळेल. बटू माझ्यापासून दीड मीटरवर, माळ त्याच्यामागे दीड मीटरवर. अर्धं नाणं. चकत्या एकमेकींत विरघळायला लहान आणि दुर्लक्ष करायला मोठ्या, सुट्या सुट्या मोजता येतील अशा.

२५० ची गोष्ट याच हिशेबातून सुटते. खांद्यापर्यंतचा फोटो क्रॉप सेन्सरवर (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ५० ने काढायला तुम्ही साधारण १.३ मीटरवर उभे राहता, २५० ने साडेसहा मीटरवर. मागची भिंत ३ मीटरवर असेल तर ५० ला १९ मिलिमीटर मिळतात आणि २५० ला १४. मागे तीस मीटर मोकळं असेल तर ५० ला २७ आणि २५० ला ३७. म्हणून वाड्याच्या अंगणात ५० ची प्राइम (झूम न होणारी लेन्स), सारसबागेच्या हिरवळीवर झूम.

घरी एकदा करून बघा. खुर्चीच्या पाठीला दिवाळीची माळ लावा, खोलीतले दिवे बंद करा, स्टुलावर पितळी तांब्या ठेवा आणि त्याला नाणं टेकवून उभं करा. फोकस नाण्यावर, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं. तांब्या तसाच ठेवून माळ आधी हातभर मागे, मग खोलीच्या टोकाला. चकत्या वाढताना दिसतील, आणि मोजायला नाणं चौकटीतच आहे.

मागे काय असावं, काय नसावं

इथे खरा वेळ घालवा. लेन्स बदलून जेवढा फरक पडतो त्याच्या दुप्पट मागची जागा बदलून पडतो, असं माझं मत आहे, आणि लेन्स विकणाऱ्यांचं अर्थातच नाही.

सगळ्यात फसवी जागा म्हणजे झाड. नवशिका फोटो काढायला एम्प्रेस गार्डनला जातो, कारण तिथे जुनी, डेरेदार झाडं आहेत, गारवा आहे, सुंदर दिसतं. मग दुपारी साडेअकराला माणसाला झाडाखाली उभं करतो. पानांच्या फटींतून येणारं आभाळ म्हणजे शेकडो बारीक दिवेच की. प्रत्येकाची चकती होते, त्या एकमेकींवर चढतात, आणि मागे बुंदीचा लाडू फुटल्यासारखं दिसतं. तेच झाड, तीच लेन्स, पण सकाळी बाग उघडल्या उघडल्या जा आणि अशा बाजूने बघा की पानांमागे आभाळ न येता दुसरी झाडी येईल. आता हिरव्यामागे हिरवं आहे. ते साईसारखं पसरतं.

दुसरी फसवी गोष्ट गवत. दिवाळीनंतर वेताळ टेकडीवरचं वाळलेलं गवत उन्हात सोन्यासारखं दिसतं, पण प्रत्येक काडी उजळ आणि तिच्यामागे काळोखी. काही लेन्स अशा बारीक उजळ रेघेच्या दोन रेघा करतात. जपानी लोक त्याला 'निसेन बोके' म्हणतात, दोन रेघांचा. बघताना डोळ्यांवर ताण येतो, चष्म्याचा नंबर बदललाय की काय असं वाटतं. काड्या, बांबू, जाळी, विजेच्या तारा, पारंब्या, सगळ्यांत हा धोका आहे. उपाय एकच: त्यांना खूप मागे टाका, नाही तर मागे घेऊच नका. बसून कॅमेरा खाली न्या आणि गवताऐवजी आभाळ मागे घ्या, किंवा उभे राहून वरून खाली बघा आणि पायवाटेची माती मागे येऊ द्या.

तिसरी, आणि हिच्याबद्दल कुणी बोलत नाही: अक्षरं. लक्ष्मी रोडवर माणसामागे दुकानाची पाटी अर्धवट धूसर झाली की बघणारा ती वाचायला लागतो. 'साड्या' आहे की 'गाड्या'? चेहरा बाजूलाच राहतो. पाटी एक तर पूर्ण वाचता यावी, नाही तर तिचा नुसता रंग उरावा. पुण्यात पाटी वाचता येईल अशी ठेवण्यात फायदाही असतो, पण तो वेगळा फोटो.

आता चांगल्या जागा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मंडईत झेंडूचे ढीग लागतात. ढिगासमोर, पण त्यापासून तीन-चार मीटर पुढे, सावलीत माणूस उभा करा. केशरी रंगात फार उजळ-काळं काही नाही, धारदार रेघ नाही, एकच रंग कमी-जास्त होत जातो. साधी किट लेन्ससुद्धा इथे महागडी वाटते. सावलीतली जुनी दगडी भिंत, पावसाळ्यातली दूरची टेकडी, नदीवरचं सकाळचं धुकं, हीदेखील अशीच गुणी. धूसर होण्याआधीच ज्याच्यात कडक फरक नाहीत, ते धूसर झाल्यावर शांत दिसतं.

रात्रीचे दिवे हवेच असतील तर ते थोडे, लांब आणि रंगांनी वेगळे निवडा. पाऊस थांबल्या थांबल्या ओला डांबरी रस्ता तेच दिवे खाली पुन्हा दाखवतो आणि चौकटीचा खालचा काळा भाग आपोआप भरतो. झेड ब्रिजवर संध्याकाळी गर्दी असते, दुचाक्या सतत जात असतात. कठड्याला चिकटून उभे राहा, फोटोसाठी वाटेत उतरू नका.

चकतीच्या अंगावर काय लिहिलंय

रात्री एखाद्या लांबच्या दिव्याची चकती घ्या आणि पडद्यावर मोठी करून बघा. तुमच्या लेन्सची कुंडली त्यात असते.

आत प्रकाश सारखा पसरलेला असेल तर उत्तम. कड उजळ आणि पोट फिकं असेल तर ते आत्याचे साबणाचे फुगे. भिंगाच्या कडेचे आणि मधले किरण एकाच जागी आणण्यासाठी लेन्समध्ये जी दुरुस्ती केलेली असते, ती थोडी जास्त झाली की मागच्या चकतीच्या कडेला प्रकाश साचतो. अशी लेन्स माणसाच्या पुढचं, फोकसच्या अलीकडचं, बऱ्याचदा मऊ दाखवते. म्हणजे दोष पूर्ण जात नाही, तो पुढून मागे किंवा मागून पुढे ढकलला जातो. याउलट कडेकडे विरत जाणारी चकती सगळ्यात मखमली. ती मुद्दाम मिळवायला मिनोल्टाने १९९९ साली १३५ मिलिमीटरची एसटीएफ लेन्स काढली. तिच्या आतलं एक भिंग मध्ये स्वच्छ आणि कडेकडे गडद होत जाणारं होतं. फुजीफिल्मने २०१४ मध्ये ५६ मिलिमीटरच्या लेन्समध्ये तसंच केलं. किंमत अशी की प्रकाश कमी मिळतो.

चकतीत कांदा कापल्यासारखी वर्तुळं दिसली तर लेन्समध्ये साच्यातून काढलेलं अगोलीय (अ‍ॅस्फेरिकल) भिंग आहे आणि साच्याच्या बारीक चऱ्या त्यात उतरल्या आहेत. पाच किंवा सात कोन दिसले तर त्या अ‍ॅपर्चरच्या पात्या. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडलं की कोन जातात. भिंगांसोबत आरसे वापरणाऱ्या लेन्समध्ये चकतीला मधोमध भोक पडतं, चौकटभर मेदूवडे. चौकटीच्या कोपऱ्यातल्या चकत्या लिंबासारख्या लांबट झाल्या तर त्याला मांजराचा डोळा म्हणतात, बोक्यांच्या घरात शोभेल असंच नाव. तिरक्या येणाऱ्या किरणांना लेन्सची नळी दोन्ही बाजूंनी कापते म्हणून ते होतं. एक-दोन पायऱ्या (स्टॉप) अ‍ॅपर्चर बारीक केलं की लिंबं पुन्हा गोल होतात, पण तोवर कदाचित कोन दिसायला लागलेले असतात. मी स्वतः मांजराच्या डोळ्यांना दोष मानत नाही. कांद्याचा मात्र मला त्रास होतो.

अ‍ॅपर्चर बारीक करण्याचं आणखी एक कारण. ५० ने, १.८ वर, १.३ मीटरवरून काढलेल्या चेहऱ्यात स्पष्ट भाग मिळतो जेमतेम ५ सेंटिमीटर खोलीचा. डोळा लख्ख आला तर कान गेला, मान जरा वळली तर दुसरा डोळाही गेला. २.८ वर साडेसात सेंटिमीटर मिळतात आणि पुष्कळ लेन्समध्ये चकतीची कडक कडही तिथे नरमते. नाण्याचा आकार २८ वरून १८ वर येतो, तो माणसाला दोन पावलं पुढे आणून बराचसा भरून काढता येतो. म्हणून माझा नेहमीचा आकडा २.८. फोकस मात्र कॅमेऱ्याकडच्या, म्हणजे जवळच्या डोळ्यावर. दोघंजण असतील तर ४ च्या खाली जाऊ नका, नाही तर नवरा स्पष्ट आणि बायको धूसर असा फोटो येतो, आणि त्याचं स्पष्टीकरण तुम्हालाच द्यावं लागतं.

मोबाईलचं पोर्ट्रेट मोड

मोबाईल ज्वारीच्या दाण्याचं नाणं करतो ते हिशेबाने. माणूस कुठे संपतो आणि मागचं कुठे सुरू होतं याचा नकाशा बनवतो आणि बाहेरचा भाग धूसर करतो. चांगल्या उजेडात, साध्या कडांवर जमतं. फसतं ते सुटे केस, चष्म्याची काडी, गजरा, काचेचा पेला, आणि कमरेवर हात ठेवल्यावर होणारी त्रिकोणी खिडकी, जिच्यातून मागचं दृश्य धारदार डोकावत राहतं. भाचीने एकदा असा फोटो पाठवला. हातातल्या कटिंगच्या ग्लासाची अर्धी कड मोबाईलने मागच्या भिंतीत ढकलली होती.

"मामा, ग्लास कुठे गेला?"

"अगं, गेला नाही, धूसर केलाय. ब्लर कमी कर."

बऱ्याच फोनमध्ये फोटो काढल्यावरही ब्लरचा आकडा बदलता येतो. लेन्ससारखंच, आकडा मोठा तितका ब्लर कमी. दीडवर असेल तर चार-पाचवर आणा. चुका झाकल्या जातात. मोबाईललाही अंतराचा नियम लागू आहे, माणूस आणि भिंत लांब असतील तर नकाशा चुकायला जागा कमी. आणि जास्वंदीच्या एका फुलाचा किंवा साबुदाणा वड्याचा फोटो हवा असेल तर पोर्ट्रेट मोड बंदच करा. इतक्या जवळून भिंग स्वतःच मागचं धूसर करतं, आणि ते खरं असतं.

ब्लर करूच नका, अशा वेळा

तुळशीबागेत भांड्यांच्या दुकानासमोर आई उभी असेल तर मागची भांडी हवीत. कुंभारवाड्यात चाकावरचा हात दिसताना मागे वाळत घातलेल्या पणत्याही दिसायला हव्यात. तिथे ५.६ किंवा ८ वर जा. मागचं किंचित मऊ होईल, पण काय आहे ते कळेल.

मुंजीचा तो फोटो मी नंतर संगणकावर घेऊन बसलो. चकत्यांचा उजेड कमी केला, कानातले डूल पुसले, दोन संध्याकाळी गेल्या. ताईने अल्बम केला तेव्हा मातृभोजनाच्या पानावर चुलतभावाने मोबाईलवर काढलेला फोटो लागला होता. त्यात मागे आचारी जिलबीचं ताट घेऊन निघालाय, काका घड्याळ बघतायत, दाराशी कुणाची तरी चप्पल उलटी पडलीय आणि माळेचा एकेक दिवा मोजता येतो.

"तुझाही छान होता रे," ताई म्हणाली, "पण ह्याच्यात आजी आहे."

आजी माझ्याही फोटोत होती. डावीकडून तिसरी चकती, ती तिच्या चष्म्याची.